अर्धं हिरवं धाबं

जळगावात भाड्याची जागा बघायला गेलो तेव्हा घरमालकांनी मला खोल्या दाखवल्याच नाहीत. आधी गच्चीवर नेलं. एप्रिलातली दुपार, तीनचा सुमार. मी धुळ्याचा, ऊन आपल्याला नवीन नाही अशा तोऱ्यात वर गेलो. चपला खाली दारात राहिल्या आहेत हे गच्चीवर पहिलं पाऊल टाकल्यावर ध्यानात आलं. दुसरं पाऊल मी टाकलंच नाही. एका पायावर उडी मारून परत जिन्यात आलो.

"ही तुमची बाजू," नाना शांतपणे म्हणाले. "आता ही माझी बघा."

गच्चीच्या मधोमध विटांची एक ओळ होती. अलीकडे नागडी सिमेंटची स्लॅब, पलीकडे गवत. साधी हरळी, मधेमधे तांदुळजा आणि घोळ, कडेला पुदिना. नाना अनवाणी त्या गवतात जाऊन उभे राहिले आणि मलाही त्यांनी हाताला धरून ओढून घेतलं. पाय गार पडले. त्या गारव्यात मी भाडं न विचारताच हो म्हणून बसलो. घरी आल्यावर बायकोने विचारलं, स्वयंपाकघर कसं आहे? मी म्हटलं, गवत फार छान आहे. त्या दिवसापासून आमच्या घरात माझ्याकडे जागा बघण्याचं काम कोणी दिलेलं नाही.

नाना बांधकाम खात्यातून ओव्हरसियर म्हणून निवृत्त झालेले. बुटके, रापलेले, अंगात पांढरा सदरा, डोक्याला पांढरी टोपी आणि टोपीखाली ओल्या फडक्याची घडी. ती घडी दर दोन तासांनी मोरीत जाऊन भिजवून यायची त्यांची रीत होती. पत्नी जाऊन बरीच वर्षं झालेली, मुलं पुण्याकडे. सदऱ्याच्या खिशात पेन असावं तसं थर्मामीटर. तापाचं नव्हे, भिंतीला टांगायचं असतं ते. कुणाच्याही घरी गेले की आधी मान वर करून छत बघायचे, मग बोटाच्या पेराने भिंतीवर दोनदा टकटक करून कान द्यायचे, आणि मगच 'काय, बरं आहे ना' म्हणायचे. घरची माणसं समजायची की नाना आपली चौकशी करताहेत. नाना घराची करत असत.

त्यांच्याबरोबर एकदा एस.टी.ने चोपड्याला गेलो होतो. वाटेत प्रत्येक गावाला ते खिडकीतून बोट दाखवत होते. "ती माझी. ती कौलाच्या शेजारची, तीही माझी. ही माझी नाही, बघा कशी वाकलीय." शेजारी बसलेल्या बाईंनी पदर सावरून आमच्याकडे असं काही बघितलं की मला खुलासा करावा लागला: स्लॅब, बाई, स्लॅब. सिमेंट सहज मिळू लागलं त्या दिवसांत नाना सायकलवर गावोगाव हिंडून लोकांना जुनी धाबी उतरवायला लावत आणि स्लॅबा टाकून देत. धाबं म्हणजे आमच्याकडचं मातीचं सपाट छत. लाकडी सरे, त्यावर फळ्या, त्यावर कडुनिंबाचा पाला आणि वर हातभर माती. सगळ्यांत वर खारी, म्हणजे ती पांढरट माती जी पाणी लागलं की फुगून मिटते आणि थेंब खाली जाऊ देत नाही. दरसाल पावसाआधी नवी खारी टाकायची, धोपटायची. कटकट म्हणाल तर होतीच. नाना लोकांना सांगत, एकदा स्लॅब टाका आणि जन्माचे मोकळे व्हा.

"लोक मोकळे झाले," नाना म्हणायचे, "आणि मी बठ्ठा, सगळाच्या सगळा गाव तव्यावर नेऊन बसवला."

म्हणून हे गवत. त्यांचं म्हणणं एका वाक्याचं होतं आणि ते त्यांनी मला निदान शंभरदा ऐकवलं: "डोकं तापलं की माणूस काय करतो? टोपी घालतो. मग घराने काय घोडं मारलंय?"

टोपी मात्र त्यांनी अंदाजपंचे घातली नव्हती. आधी स्लॅबवर विटांच्या तुकड्यांचा कोबा, पाणी मोरीच्या बाजूला जाईल असा उतार देऊन. त्यावर बारीक खडी, खडीवर जुनी गोणपाटं, आणि मग माती. नुसती माती जड होते, म्हणून तिच्यात वीटभट्टीची राख, शेणखत आणि केळीच्या खोडाचा कुजलेला चोथा. केळीची खोडं आमच्याकडे बांधावर टाकूनच देतात, ती नाना बैलगाडीने मागवत. थर फक्त चार बोटांचा. माझ्या बायकोने एकदा घाबरत विचारलं, नाना, हे सगळं आपल्या डोक्यावर तर नाही ना यायचं? नाना म्हणाले, "ही स्लॅब मी ओतलीय, ताई. मी जाईन, ती जायची नाही."

गवताला पाणी आमच्या आंघोळीचं. मोरीतलं पाणी बाहेर एका टाकीत जाई आणि तिथून नाना हातपंपाने ते वर चढवत. नळाला पाणी येईल तेव्हा येईल अशा गावात हे फार सोयीचं होतं, पण त्याने आमच्या आंघोळी सार्वजनिक झाल्या. मी सर्दीमुळे एक दिवस आंघोळीला टांग दिली की संध्याकाळी नाना सहज विचारायचे, "धुळेकर, आज टाकीत पाणी कमी दिसलं?"

पहिल्या वर्षी आमची अर्धी गच्ची त्यांनी मुद्दाम उघडी ठेवली होती, हे मला पुढे कळलं. रोज दुपारी तीनला नाना थर्मामीटर घेऊन आमच्या दारात उभे राहत. आत येत, थर्मामीटर मधल्या खोलीत टांगत, आमच्या बाकावर पाच मिनिटं मुकाट बसत, आकडा वहीत लिहून घेत आणि "फार आहे हो" असं समाधानाने म्हणून स्वतःच्या गार खोलीत निघून जात. बायको म्हणाली, "आपण भाडेकरू नाही आहोत, नानांचे उंदीर आहोत." मेमध्ये आमच्याकडे आणि त्यांच्याकडे इतका फरक पडू लागला की आम्ही जेवणाची ताटं घेऊन त्यांच्याकडेच जाऊन बसायला लागलो. त्याने वहीतले आकडे बिघडत नाहीत ना, एवढीच त्यांची चौकशी.

पावसाळ्यात आणखी एक गंमत झाली. आमच्या बाजूचा पन्हळीचा पाइप पावसाबरोबर धो धो वाहू लागे आणि गल्लीचं गटार भरून ते पाणी समोरच्या शेठजींच्या कापडदुकानाच्या पायरीशी जाई. नानांच्या बाजूचा पाइप मात्र पाऊस थांबल्यावर तासाभराने ठिबकायला लागे. माती आधी स्वतः पिऊन घेई, उरलं तर खाली सोडी. शेठजी मूळचे राजस्थानकडचे, पाण्याची पारख असलेला माणूस. त्यांनी तो सगळा पावसाळा दोन्ही पाइप बघितले. मग नानांकडे येऊन बसले, चहा घेतला आणि माझ्याकडे न बघता विचारलं, "या बाजूचं गवत कधी लावणार?" आमच्या डोक्यावर टोपी आली ती अशी शेठजींच्या कृपेने. पुढे त्यांनी स्वतःच्या गोदामावरही गवत लावलं आणि दुकानात येणाऱ्या गिऱ्हाइकांना साडीआधी ते दाखवू लागले.

नानांना वाटे, सगळ्या गावाच्या गच्च्यांवर अशी माती चढली तर गावाचा उन्हाळा उतरेल, गटारं तुंबायची नाहीत, चिमण्या परत येतील. तसा सविस्तर अर्ज लिहून ते एका कचेरीत गेले. कुठल्या ते सांगत नाही, कारण मी स्वतः कारकून होतो आणि कारकून कारकुनाचं नाव सांगत नाही. तिथल्या सद्गृहस्थाने अर्ज दोनदा वाचला आणि विचारलं, नाना, हे बागेत घालू, बांधकामात घालू की गटारात? नाना म्हणाले, तिन्हीत घाला. तो म्हणाला, तीन टेबलं आहेत, अर्ज एक आहे. नाना तिथेच बसले आणि तोच अर्ज हाताने आणखी दोनदा लिहून दिला. त्याचं पुढे काय झालं ते ठाऊक नाही. नाना परत येताना मात्र त्या कचेरीच्या भिंतीवर टकटक करून आले होते. म्हणाले, "तीही माझीच आहे."

पण गाव, गटार, चिमण्या ही सगळी वरवरची कारणं. खरं कारण एका पोस्टकार्डात होतं, आणि ते मला दुसऱ्या वर्षी कळलं.

नानांची थोरली बहीण, अक्का, चोपड्यापलीकडे सासरी राहायच्या. आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, हा आमच्याकडचा लेकीबाळींचा सण. दिवाळीला माहेर चुकलं तर चालतं, आखाजीला चुकत नाही. अक्का दरसाल यायच्या. मग एका वर्षी नानांनी वडिलांच्या घराचं धाबं स्वतः उभं राहून उतरवलं आणि तिथे नवीकोरी स्लॅब टाकली. बहिणीला दाखवायची म्हणून आखाजीच्या आतच पुरी केली. अक्का आल्या. दुपारी खोलीत आडव्या झाल्या, उठल्या, भिंतीला पाठ लावून बसल्या, पाठही भाजली. संध्याकाळच्या गाडीला पिशवी उचलून निघाल्या. जाताना एवढंच म्हणाल्या की माहेरले येस, तव्यावर नही. त्यानंतर त्या आखाजीला आल्या नाहीत. पुढे ते घर गेलं, नानांनी जळगावात हे बांधलं. यालाही स्लॅबच. नाना दरसाल साडी घेऊन अक्कांकडे जात, त्यांच्या धाब्याखाली गार झोपत आणि परत येत. भांडण असं नव्हतंच. भांडण असतं तर मिटवता आलं असतं.

आमची बाजूही हिरवी झाली त्या वर्षी नानांनी अक्कांना पत्र टाकलं: घरावर धाबं केलं आहे, आखाजीला या. उत्तर आलं. कुणाकडून तरी लिहून घेतलेलं, एक ओळीचं: धाबं असेल तर येते.

ते कार्ड नानांनी थर्मामीटरच्या जोडीला खिशात ठेवलं. त्या उन्हाळ्यात त्यांनी गवताची जी काही चाकरी केली ती बघून बायको मला म्हणाली, माझ्या माहेरचं कोणी येणार असलं तर तुम्ही निदान केर तरी काढत जा.

अक्का आखाजीच्या आदल्या दिवशी आल्या. उंच, ताठ, नऊवारी, हातात पुरणपोळी भाजायचं मातीचं खापर फडक्यात बांधलेलं. आमच्या खापरावर त्यांचा विश्वास नव्हता. दुपारी जेवून नानांच्या खोलीत पडल्या. नाना आमच्याकडे येऊन बसले आणि दर पाच मिनिटांनी भिंतीला कान लावू लागले. पलीकडून काही आवाज येईना. झोप लागली की रागाने गप्प आहेत, हे भिंतीवरून कळत नव्हतं. नाना स्लॅबचा आवाज ओळखत, बहिणीचा त्यांना ओळखता येईना.

सणाच्या सकाळी नाना आंबे आणायला बाजारात गेले. अक्का वर गेल्या. थोड्या वेळाने कठड्यावरून वाकून त्यांनी मला हाक मारली आणि खुरपं मागितलं. मी धुळ्यात वाढलेलो, पेठेतला माणूस. मला वाटलं आखाजीचा काही विधी असेल. खुरपं दिलं. घमेलंही दिलं. इतकंच नव्हे, त्या भरभरून देत गेल्या तशी मी गवताची सात घमेली खाली नेऊन गल्लीच्या टोकाच्या म्हशीपुढे टाकली. म्हैस खूश, अक्का खूश, आणि थोरामोठ्यांची सेवा केल्याच्या आनंदात मीही. सातव्या घमेल्याला माझ्या डोक्यात प्रकाश पडला, तोवर अक्का उघडी माती पाण्याने सारवून हाताच्या पंज्याने धोपटत होत्या. गच्ची या टोकापासून त्या टोकापर्यंत टकली झाली होती.

चूक अक्कांची नव्हती. धाब्यावर गवत उगवलं की मुळं खारीला भोकं पाडतात आणि घर गळतं. म्हणून जन्मभर त्यांनी धाब्यावरचं गवत दिसलं की उपटलं होतं. भावाने लिहिलं धाबं, त्या वर गेल्या तर रान. आईविना, बायकोविना राहणारा भाऊ. त्याचं घर पावसात गळणार. त्या करायला बसल्या.

नाना आंब्याची पिशवी घेऊन वर आले. मी जिन्यात रिकामं घमेलं पोटाशी धरून उभा होतो. दोन उन्हाळ्यांची मेहनत समोर सारवून काढलेली. नानांच्या टोपीखालून फडक्याचं पाणी कपाळावर ओघळत होतं, ते त्यांनी पुसलं नाही.

अक्का मान वर न करता म्हणाल्या, "भाऊ, तू लिखं धाबं करं. मी वर येईसन देखं ते बठ्ठं वावर. घरमा कोणी बाई नही म्हनीसन काय झायं, लोके काय म्हनतीन?"

मला वाटलं आता नाना रागावतील, किंवा तो चार बोटांचा थर, कोबा, खडी, गोणपाट सगळं समजावून सांगतील. मला सांगायचे तसं. त्यांनी फक्त विचारलं, "अक्का, काल दुफारले झोप लागनी का तुले?"

अक्कांचा हात थांबला. त्यांनी जरा आठवून बघितलं.

"लागनी ना," त्या म्हणाल्या. "चहाले उठाडं तू, तवय जाग उनी."

नानांनी पिशवी खाली ठेवली. धोतर सावरून बहिणीशेजारी बसले आणि दोन्ही हातांनी माती धोपटायला लागले. मी घमेलं घेऊन हळूच खाली आलो. बायकोने विचारलं, काय झालं? मी म्हटलं, आंबे आले.

अक्का दोन दिवसांसाठी आल्या होत्या, त्या नवी खारी टाकूनच गेल्या. म्हणजे महिन्याने. पुढे दरसाल आखाजीला येऊ लागल्या. नानांनी आपल्या अर्ध्या गच्चीवर पुन्हा हरळी लावली, आमची अर्धी अक्कांची झाली, गुळगुळीत, पांढरी, सारवलेली. विटांची ओळ परत आली. हरळी ती ओलांडून रोज चार बोटं पलीकडे जाई आणि अक्का मुक्कामाला असल्या की रोज सकाळी ती चार बोटं उपटत. यावरून जी बोलाचाली होई ती ऐकायला शेठजी दुकान सोडून दारात उभे राहत. अक्का म्हणत तुन्हं गवत चोर शे. नाना म्हणत ते गवत नाही, पाहुणं आहे, बहिणीकडे जातंय.

गारवा दोन्हीकडे सारखाच वाटे. तरी एकदा अक्का घरात नसताना नानांनी दोन्हीकडे थर्मामीटर लावलं. आकडे वहीत लिहिले आणि ते पान दुमडून ठेवलं. मी कितीदा तरी विचारलं. नाना दर वेळी थर्मामीटर जुनं झाल्याचं सांगत. यावरून कोणाची बाजू जास्त गार निघाली असावी, हे मी ओळखतो.

मग माझी धुळ्याला बदली झाली. नानांचा चेला म्हणून मीही आमच्या गच्चीवर प्रयोग केला. राख, चोथा कोण शोधत बसणार म्हणून शेतातली काळी माती आणून टाकली. कपाशीची ती माती पहिल्याच पावसात फुगली, पाइप बुजला आणि घराच्या डोक्यावर टोपीऐवजी तळं झालं. नानांना कळवलं. उत्तर आलं: कोबा केला होता का? हे मी बायकोला वाचून दाखवलं नाही.

अक्का गेल्याचं कार्ड आलं ते एकोणीसशे नव्वदनंतरच्या एका थंडीत. मला लगेच जाणं जमलं नाही. गेलो तो उन्हाळ्यात, त्याच गल्लीतल्या एका लग्नाच्या निमित्ताने, आखाजीच्या आदल्या दिवशी. शेठजींच्या गोदामावर घोळ माजला होता, शेजारच्या आणखी दोन घरांवर हिरवं दिसत होतं. नानांच्या दाराला कडी होती. मी जिन्याने वर जाऊन डोकावलो.

हिरव्या बाजूला कोणी नव्हतं. नाना पलीकडच्या बाजूला, अक्कांच्या मातीवर, उकिडवे बसले होते. टोपी मागे सरकलेली, हातात खुरपं. विटांच्या ओळीवरून आलेली हरळी मुळापासून उपटून काढत होते. जागा मोकळी झाली की तिथे पाणी शिंपडून पंज्याने धोपटायचे आणि पेराने दोनदा टकटक करून कान द्यायचे. बाकीची माती पांढरी, गुळगुळीत, एक काडी नव्हती.

मी हाक मारली. त्यांनी मान वळवून बघितलं. ओळखायला जरा वेळ लागला.

"धुळेकर, बसा, चहा करतो," ते म्हणाले. "एवढं उपटून होऊ द्या. उद्या आखाजी आहे."

घमेलं अजून जिन्याखालीच होतं. मी खाली उतरून चपला पायात ठेवूनच ते उचललं, मग वर आता माती आहे याची आठवण झाली, चपला काढल्या आणि वर गेलो.